घर बांधताना काम लांबणारच, पण कुठे थांबायचं ते आधी ठरवा

आपलं घर आपणच उभं राहून बांधायचं म्हणजे आर्किटेक्टकडे आपण, लेबर कॉन्ट्रॅक्टर आपणच धरलेला, सिमेंट-सळई आपणच मागवलेली, आणि सकाळी साईटवर पहिला पोचणाराही बहुतेक वेळा आपणच. मला पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की आठ महिन्यांत चावी हातात. लागले एकोणीस. सगळ्यांना मी सांगत होतो की पावसाने वाट लावली, आणि मग एकदा रात्री बसून साईटची डायरी काढून मोजलं तर ज्या दिवशी खरंच पावसामुळे काम करता आलं नाही असे दिवस निघाले ४१. फक्त ४१! आणि काम लांबलं अकरा महिने.

मग बाकीचे दिवस गेले कुठे? एक कारण असं की पाऊस आला तेव्हा आमचं घर दर वेळी नको त्या अवस्थेत अडकलेलं होतं. एकदा खड्डे उघडे, एकदा सळई बांधून तयार पण काँक्रीट नाही, एकदा प्लास्टर अर्धं. पाऊस चार दिवसांत गेला पण खड्डे परत साफ करायला आठवडा, तोपर्यंत लेबर दुसऱ्या साईटवर, ते परत यायला तीन आठवडे, तोपर्यंत सेंट्रिंगच्या (शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा) प्लेटा दुसऱ्याने नेलेल्या... असं एकातून एक. म्हणून हवामान कधी कसं असेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा घर कुठल्या टप्प्यावर थांबवलं तर काही बिघडत नाही ते आधी ठरवा, कारण थांबायला तर लागणारच आहे.

आधी थांबे ठरवा, मग तारखा

कागद घ्या आणि बांधकामाचे टप्पे लिहून काढा, प्रत्येकासमोर लिहा की इथे दोन महिने काम बंद पडलं तर काय होईल. हे एवढं केलंत तरी निम्मं प्लॅनिंग झालं.

घर निवांत थांबू शकतं अशा जागा फार नाहीत. पहिली म्हणजे खोदाईच्या आधी, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित, कारण मुहूर्त झाला की कोणालाच धीर धरवत नाही. दुसरी प्लिंथपर्यंत (म्हणजे जोत्यापर्यंत) काम येऊन आत भराव घालून चेपून वर पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट) झाल्यावर. तिसरी स्लॅब पडून, त्याचं क्युरिंग (पाणी देऊन ओलं ठेवणं) होऊन, पाणी जायला वाट केलेली असताना. चौथी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर होऊन खिडक्या बसल्यावर, यानंतर बाहेर काहीही होऊ दे, आत काम चालू राहतं.

आणि जिथे अजिबात थांबू नये अशा जागा म्हणजे उघडे खड्डे, सळई बांधलेली पण न भरलेली स्लॅब, छातीएवढ्या उंचीच्या मोकळ्या भिंती ज्यांना वर लिंटेल (दारं-खिडक्यांवरची काँक्रीटची आडवी पट्टी) नाही की बाजूला आधार नाही, आणि कठडा बांधून झालेली पण पाण्याला पाईप न सोडलेली गच्ची. हे शेवटचं वाचून हसू येईल पण हिशोब करा, १०० चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, दहा टन झालं ते, एवढं वजन नव्या स्लॅबवर कशाला?

आता तारखा. तुमच्या भागातला गेल्या काही वर्षांचा पाऊस, थंडी, ऊन याचा डेटा हवामान खात्याकडे मिळतो, त्यातून महिन्याला साधारण किती दिवस कामाचे मिळतात ते काढा आणि कॅलेंडरवर उलटं मोजत या, म्हणजे पाऊस अमुक आठवड्यात येणार तर प्लिंथ त्याआधी संपायला हवी, तर खोदाई कधी, तर परवानगीची फाईल कधी. उलटं मोजल्यावर बहुतेकांना कळतं की आपण आत्ताच दीड महिना लेट आहोत 😅 आणि मग खरा निर्णय घ्यायचा असतो की घाई करून खड्डे खणायचे की मोसम जाऊ द्यायचा. माझं मत विचाराल तर प्लिंथ नक्की होणार नसेल तर खणू नका. आम्ही खणलं होतं.

मोजताना काँक्रीटचे दिवस धरायला विसरू नका. काँक्रीट सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद धरतं, पूर्ण हिशोब २८ दिवसांचा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१, आणि मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल तर अजून जास्त, इंजिनिअर सांगेल ते. हे दिवस चांगल्या हवेतले. कडक थंडीत सिमेंटची प्रक्रिया मंदावते, ५ अंशाच्या खाली तर रांगतच असते म्हणा ना, त्यामुळे तसे दिवस पूर्ण दिवस म्हणून मोजायचे नाहीत.

आणि बफर! सगळे जण शेवटी एक महिना जादा ठेवतात आणि तो पायातच संपतो. बफर प्रत्येक थांब्याच्या आधी ठेवा, मी आता परत बांधलं तर दर महिन्याच्या कामाला एक आठवडा जादा धरेन, पावसाचे दिवस वेगळे.

खड्डे उघडे असताना पाणी आलं तर

हा सगळ्यात वाईट टप्पा म्हणून सविस्तर सांगतो. खड्ड्यात पाणी भरलं की लोकांना वाटतं पंप लावला, पाणी काढलं, झालं. पण पाण्याखाली तळाची माती मऊ पडलेली असते आणि तीच तर आपल्या घराचं वजन घेणार आहे. विशेषतः काळी माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते, तिच्यावर फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) बसवायचंच नाही, खालचा टणक थर लागेपर्यंत जायचं किंवा इंजिनिअर वेगळा उपाय देईल तो करायचा.

क्रम असा ठेवा. खोदाई शेवटच्या पाच-सहा इंचांपर्यंत करून थांबा, तो शेवटचा थर ज्या दिवशी पीसीसी टाकायचं त्याच दिवशी सकाळी काढा, म्हणजे तळ उघडा राहतच नाही. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात फूटिंगच्या बाहेर छोटा खळगा करा, सगळं पाणी तिथे जमेल आणि पंपाचा पाईप तिथेच टाकायचा, मधोमध टाकला तर पंप मातीच ओढत बसतो. वरून वाहत येणारं पाणी खड्ड्यात उतरू नये म्हणून चारी बाजूंनी मातीचा बांध आणि चर. काढलेली माती काठापासून किमान एक मीटर लांब, कारण काठावरचा ढीग भिजला की काठासकट आत येतो. दीड मीटरच्या पुढे खोल खड्डा असेल तर बाजू तिरकी करा किंवा आधार द्या, आणि पावसानंतर पहिला माणूस आत उतरण्याआधी काठाला भेगा पडल्यात का ते स्वतः चालत जाऊन बघा. इथे घाई करायची नाही म्हणजे नाही, मातीखाली माणूस गेला तर काम लांबण्याची गोष्टच राहत नाही.

पाणी भरून गेलंच असेल तर पाणी काढा, तळाचा चिखल खोऱ्याने पूर्ण खरवडून काढा, कठीण जमीन लागेपर्यंत, आणि जेवढं जादा खाली गेलात तेवढं पीसीसीने भरून काढा, मातीने नाही. मिस्त्री म्हणेल थोडी खडी टाकून धुम्मस मारू. नको.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. जमिनीखालची पाण्याची टाकी. आमच्या बाजूच्या प्लॉटवर टाकी बांधून झाली होती, झाकणाचा स्लॅब राहिला होता, आजूबाजूला भराव नव्हता, आणि दोन दिवस धो धो पाऊस झाल्यावर सकाळी बघतो तर टाकीचा एक कोपरा चांगला वीतभर वर आलेला, होडीसारखी तिरकी. खोटं वाटेल पण साधं गणित आहे, बाहेरून ३ मीटर लांब, २ रुंद आणि २ खोल अशी टाकी काठापर्यंत पाण्यात बुडाली तर पाणी तिला १२ टनांनी वर ढकलतं आणि सहा इंची भिंतींची बिनझाकणाची टाकी स्वतः भरते नऊ टनांच्या आत. उपाय फुकटचा आहे, पावसाआधी टाकीत पाणी भरून ठेवा. झालं.

स्लॅबचा दिवस

स्लॅबच्या आदल्या दिवशी आकाश बघून ठरवायचं नसतं, तीन-चार दिवस आधीपासून अंदाज बघत राहायचं आणि "नाही टाकायची" हे म्हणायची शेवटची वेळ कोणती ते मिक्सरवाल्याशी किंवा आरएमसीवाल्याशी (तयार काँक्रीट गाडीने आणून देणारा) आधीच बोलून ठेवायचं. ऑर्डर कॅन्सल करायची शेवटची वेळ आपल्याला माहीत नसते आणि मग पैसे जातील म्हणून आपण काळ्या ढगाखाली स्लॅब टाकतो.

साईटवर काय हवं? संपूर्ण स्लॅब झाकेल एवढं प्लॅस्टिक किंवा ताडपत्र्या, त्या धरायला आणि दाबायला फळ्या-विटा, एक जादा व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून नीट बसवणारं यंत्र), वीज गेली तर जनरेटर किंवा पेट्रोलवरचा व्हायब्रेटर, आणि ओतणं मध्येच थांबवायचं झालं तर कुठे थांबवायचं याची खूण. ही खूण महत्त्वाची. काँक्रीट कुठेही अर्धवट सोडता येत नाही, जोड द्यायचाच झाला तर साधारण गाळ्याच्या मधल्या भागात, जिथे कातरबल (काँक्रीट कापू बघणारा जोर) कमी असतं तिथे, उभी फळी लावून सरळ कडा करून द्यायचा, कॉलमच्या तोंडाशी नाही आणि उतरता ढीग सोडून तर नाहीच. नेमकी जागा इंजिनिअरकडून ड्रॉइंगवर आधीच मारून घ्या. पुढचं ओतताना ती कडा टाचून, तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, सिमेंटचा घोळ लावून मगच.

आता समजा पाऊस आलाच. रिमझिम असेल तर झाकत झाकत काम पूर्ण करता येतं. जोर धरला तर खुणेवर थांबा आणि झाका. झाल्यानंतर सहा-आठ तासांनी आलेला पाऊस बहुतेक वेळा उलट फायद्याचाच, फुकटचं क्युरिंग. अडचण मधल्या वेळेची, काँक्रीट ओलं असताना वरचं सिमेंट धुऊन जातं आणि वाळू-खडी उघडी पडते. अशा वेळी मिस्त्री हमखास दोन गोष्टी करतो. एक, साचलेलं पाणी तसंच थापीने आत घोटतो. दोन, वरून कोरं सिमेंट भुरभुरतो. दोन्ही करू देऊ नका, पाणी घोटलं की वरचा थर कमजोर होतो आणि कोरं सिमेंट टाकलं की वर एक पातळ खपली धरते जी नंतर सुटून येते. पाणी कडेला लोटून काढा, मग झाका, दुसऱ्या दिवशी बघा. वरचा थर सुटा असेल तर तो खरवडून दुरुस्ती कशी करायची ते इंजिनिअर सांगेल.

आमच्या स्लॅबला शेवटची दोन बॅरल काँक्रीट उरलेलं असताना सर आली. सहा जण एक ताडपत्री धरून उभे, वारा अशी फुगवतोय की पोरं उडतील, आणि मी वेड्यासारखा विटा गोळा करत फिरतोय, कारण दाबायला काही ठेवलंच नव्हतं. ताडपत्रीची घडी मोडायला जी पाच मिनिटं गेली तेवढ्यात कोपऱ्यातला दोन-अडीच मीटरचा पट्टा धुपला. ताडपत्री आदल्या दिवशीच उलगडून, कडेला गुंडाळी करून ठेवली असती तर वाचलं असतं. त्या पट्ट्यावर नंतर हॅमर टेस्ट (स्प्रिंगच्या हातोड्याने ठोका देऊन काँक्रीटची ताकद बघणं) केली, ती ठीक निघाली, पण ते कळेपर्यंतची झोप कोण देणार.

क्यूब (ताकद तपासायला काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) मात्र नक्की घ्या, १५० मिलिमीटरचे, ७ दिवसांचे आणि २८ दिवसांचे, म्हणजे नंतर शंका आली तर हातात काहीतरी असतं.

अजून एक, पावसात सगळे वर बघतात, तुम्ही खाली बघा. सेंट्रिंगचे टेकू मातीवर उभे असतात, माती भिजली की ते खचतात आणि स्लॅबला पोट येतं. प्रत्येक टेकूखाली रुंद फळी हवी आणि पाऊस पडून गेल्यावर एकेक टेकू हाताने हलवून बघायचा, सैल लागला तर तिथे इंजिनिअरला बोलवायचं, स्वतः ठोकून उचलायचं नाही.

सळई बांधून पडून राहिली असेल तर? हलका तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील तर घासून काढायचे आणि सळईची जाडी कमी झालीय असं वाटलं तर मापून घ्यायची. त्याहून जास्त त्रास बीमच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा, पाचोळ्याचा आणि चिखलाचा होतो, म्हणून बीमच्या बॉटमला एक छोटी फट साफसफाईला ठेवा. कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून ठेवलेले छोटे ठोकळे) जागेवरून सरकलेत का तेही बघा, चिखलाच्या पायांनी लोक जाळीवर नाचलेले असतात.

ऊन, वारा आणि थंडी

पावसाची भीती सगळ्यांना, उन्हाची कोणालाच नाही, आणि नव्या स्लॅबवरच्या कितीतरी भेगा ऊन-वाऱ्याच्याच असतात. हवा कोरडी आणि वारा सुटलेला असेल तर ओतल्यावर पहिल्या काही तासांतच वरचं पाणी उडून जातं आणि केसासारख्या भेगा पडतात. पहाटे किंवा संध्याकाळी ओता, शटरिंग आधी भिजवा, खडीवर सावली करा आणि पाणी मारा, वरचं फिनिशिंग झालं की लगेच ओलं गोणपाट किंवा प्लॅस्टिक. दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरून ठेवायचं, किमान सात दिवस, कडक उन्हात आणि मिश्र सिमेंटला दहा किंवा जास्त. आरएमसीची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तर पाणी घातल्यापासून साधारण दीड-दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी, आणि काँक्रीट घट्ट झालं म्हणून ड्रायव्हरने पाईपने पाणी सोडलं तर तिथेच हात धरा.

थंडी जिथे खरी पडते तिथे ताजं काँक्रीट पहिल्या दिवसा-दोन दिवसांत गोठू द्यायचं नाही, एकदा आतलं पाणी गोठलं की गेलेली ताकद नंतर कितीही क्युरिंग केलं तरी परत येत नाही. झाकून उबदार ठेवता येत नसेल तर ओतू नका.

वाऱ्याचं म्हणाल तर ताज्या भिंती. दिवसाला दीड मीटरच्या वर चढवू नका, आणि वादळाचा इशारा असेल तर मोकळ्या लांब भिंतीला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्या. सुट्या पत्र्यांवर, रिकाम्या पिंपांवर, फळ्यांवर वजन ठेवा, नाहीतर ते शेजाऱ्याकडे जातात आणि मग वेगळंच प्रकरण.

माल

सिमेंट जमिनीपासून सहा इंच वर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा गोण्यांच्या वर थप्पी नाही, प्लॅस्टिकने पूर्ण झाकून आणि जुनी गोणी आधी वापरायची. काम लांबणार असं दिसलं की पहिला फोन सिमेंटवाल्याला करून पुढची गाडी थांबवा. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट टेस्ट केल्याशिवाय कॉलम-बीमला नको, हाताने न फुटणारे गोळे झाले असतील तर कशालाच नको.

वाळूचं एक गुपित आहे, ओलसर वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलावा असेल तर बारीक वाळूचं आकारमान २०-३० टक्क्यांपर्यंत वाढतं, म्हणजे घमेल्याने मोजलं तर वाळू कमी पडते, आणि वर तिच्यात आधीच पाणी असतं ते वेगळं. म्हणून पावसाळ्यात मिस्त्रीचं नेहमीचं माप चुकतं आणि एक दिवस काँक्रीट पातळ तर एक दिवस घट्ट. वाळू झाकून ठेवा आणि पाणी नेहमीपेक्षा कमी घालून सुरुवात करा.

इलेक्ट्रिकच्या आणि ड्रेनेजच्या सगळ्या पाईपांची तोंडं बूच मारून बंद, ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, नाही केली तर सहा महिन्यांनी वायर ओढताना चिखल निघतो. हलक्या ब्लॉकची थप्पी झाका, ते स्पंजासारखं पाणी पितात आणि भिंत बांधल्यावर सुकताना भेगा दाखवतात. दरवाजे तर घर कोरडं होईपर्यंत आणूच नका, फुगतात.

पाऊस नसतानाही काम का थांबतं

खरं सांगू का, माझ्या अकरा महिन्यांत सगळ्यात मोठा वाटा माझ्याच बदलांचा होता. "इथे एक खिडकी असती तर", "जिना थोडा सरकवूया का". कागदावर दोन मिनिटांचा बदल साईटवर दोन आठवडे खातो, कारण तो आर्किटेक्टकडून इंजिनिअरकडे, तिथून सळईवाल्याकडे जातो आणि मध्ये सगळे हात बांधून बसतात. प्लिंथ झाल्यावर खोल्या बदलायच्या नाहीत असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहा, सह्या घ्या हवं तर. आमच्या घरात किचनचा ओटा तीन वेळा फिरला, कोणामुळे ते सांगत नाही.

लेबरचं असं की तुमच्याकडे दोन दिवस काम नसलं की ते दुसरीकडे जाणारच, त्यांचं पोट रोजावर आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. म्हणून कायम एक दुसरं काम तयार ठेवा जे पावसात छपराखाली होतं, रिंगा वळणं, सळई कापणं, आतल्या भिंतींना खाचा मारणं, आतलं प्लास्टर, टाईल कापणं. गवंड्यांची टोळी टिकली की महिने वाचतात. सुगीला, लग्नसराईला, सणाला कोण कधी गावी जाणार ते आधी विचारून कॅलेंडरवर लिहा, गेल्यावर फोन करून काही होत नाही.

मागवायला वेळ लागणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी करा, खिडक्या, ग्रिल, खास मापाचे दरवाजे, लिफ्ट असेल तर लिफ्ट. खिडक्यांची मापं भिंत झाल्यावरच पक्की होतात पण बनवणारा आधीच ठरवून ठेवता येतो. आमच्या खिडक्या सात आठवडे उशिरा आल्या आणि तोपर्यंत आत रंग लावता येत नव्हता, टाईलवर पाऊस येत होता, सगळं त्या चौकटींसाठी अडलं होतं. त्या उघड्या भोकांना जाड प्लॅस्टिक ठोकायला हवं होतं हे सहाव्या आठवड्यात सुचलं 🙏

पैशाचं. बँकेचं कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं, म्हणजे काम अडलं की हप्ताही अडतो आणि हप्ता अडला की काम अजून अडतं. एका टप्प्याचे पैसे स्वतःच्या हातात राहतील असं बघा, वर एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के बाजूला. भाड्याच्या घराचं भाडं किती महिने जादा भरावं लागेल ते त्या हिशोबात धरा, सगळे तेच विसरतात. बांधकामाच्या काळातला विमा मिळतो, त्यात पूर-वादळ, चोरी आणि साईटवर पडलेला माल धरलाय का ते वाचा, आणि काम बरेच दिवस बंद राहिलं तर विमा चालू राहतो का हेही. परवानगीची मुदत कधी संपते ती तारीख मोबाईलमध्ये तीन महिने आधीचा अलार्म लावून ठेवा.

डायरी आणि करार

रोज संध्याकाळी चार ओळी. हवा कशी होती, किती माणसं आली, काय झालं, काय आलं, काय अडलं आणि कोणामुळे. दोन फोटो, एक जवळून आणि एक लांबून. भांडण झालं तर हेच कामाला येतं, आणि सळई-पाईपांचे फोटो तर पुढे भिंतीत ड्रिल मारताना आयुष्यभर.

करारात पावसाचा दिवस म्हणजे काय ते लिहा, नाहीतर सकाळी चार थेंब पडले की सुट्टी. आम्ही शेवटी असं ठरवलं की सकाळी दहापर्यंत बाहेरचं काम सुरू होऊ शकलं नाही आणि आतलं कामही नाही, तरच तो दिवस मुदतीत वाढवायचा आणि त्याच संध्याकाळी दोघांनी डायरीत सही करायची. पैसे दिवसावर नाही, पूर्ण झालेल्या टप्प्यावर द्यायचे, आणि टप्पे तुमच्या थांब्यांशी जुळवायचे, म्हणजे ठेकेदारालाही प्लिंथ पावसाआधी संपवण्यात रस राहतो. ॲडव्हान्स जास्त दिला की माणूस दिसेनासा होतो हा अनुभव घेऊन झालाय, कोण ते राहू दे.

बरेच दिवस बंद राहून परत सुरू करताना

आल्या आल्या मिक्सर लावायचा नाही. आधी इंजिनिअरला घेऊन एक चक्कर. बाहेर डोकावणाऱ्या कॉलमच्या सळया, त्यांचा गंज, कोणी वाकवून परत सरळ केल्यात का. भराव खचलाय का, खचला असेल तर सहा-आठ इंचांच्या थरांत ओलावा बघून परत चेपायचा, माती चिखलासारखी असेल तर चेपून काही होत नाही, ती लोण्यासारखी नुसती इकडून तिकडे जाते, थोडी सुकू द्यायची. भिंतींचा ओळंबा परत लावून बघा, वरचे दोन-तीन थर सुटे झाले असतील तर काढून नवे. काँक्रीटच्या जुन्या तोंडावर शेवाळ धरलेलं असतं ते पूर्ण घासल्याशिवाय नवं काँक्रीट चिकटत नाही.

आणि आत रंगाची घाई करू नका, बाहेरून भिंत कोरडी दिसते पण आत ओल असते. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर, साधारण सोळा तास ठेवा. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालची भिंत गडद झाली असेल तर पेंटरला अजून दोन आठवड्यांनी बोलवा. आमच्या उत्तरेकडच्या बेडरूमच्या भिंतीने हे थेंब पाच वेळा दाखवले, सहाव्यांदा प्लॅस्टिक कोरडं निघालं तेव्हा त्या टेपचे डागच भिंतीवर इतके झाले होते की पुट्टी तिथे दोनदा मारायला लागली.